आवडाक्का आणि हवालदार

ये गं मनू, पत्रातल्या पत्रात अशी जवळ सरक. तो फोन ठेव बाजूला, आधी मावशीची बोलणी खा आणि मग पुढचं वाच. वरळीहून आमच्याकडे यायला काय विमान लागतं? कुत्रा आणलास, त्याचं बारसं केलंस, त्याला स्वेटर घेतलास, आणि मला कळवलंस कधी, तर त्याचं अंग खाजून खाजून लाल झालं तेव्हा. 'मावशी, तुमच्या शेजारच्या त्या आक्का कुत्र्यांना काय शिजवून घालायच्या गं?' एवढं विचारून फोन ठेवून मोकळी. आवडाक्का म्हणजे काय भाजीची कृती आहे, दोन ओळींत सांगायला? तिचा टोप सांगायचा तर आधी तिचा हात सांगायला हवा. आणि तो हात काय होता, ते ज्यांनी तो खाल्लाय त्यांना विचार.

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत तळमजल्यावर जिन्याला लागून तिची खोली, आणि तिच्या भिंतीला भिंत लागून माझी. बुटकी, रुंद, मनगटं पुरुषासारखी. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिची खानावळ होती. गावाकडून एकटे आलेले कामगार तिच्या हातची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं खाऊन पाळीवर जायचे. गिरण्या गेल्या, जेवणारे गेले, नवरा तर त्याही आधी गेलेला. पण हाताला मोठ्या टोपाची सवय लागली होती. पाव किलोचा भात शिजवायला बसली की ती चिडायची. मग अंगणातली कुत्री तिच्या पंगतीला आली, ती कायमचीच.

पोटचं मूल नव्हतं. वरच्या मजल्यावरचा विलास, त्याची आई तो लहान असताना गेली, तो हिच्याच खोलीत जेवून मोठा झाला. मी सांगतेय तेव्हा तो चांगला पन्नाशीकडे झुकलेला, बायको-मुलं असलेला माणूस, पण जिन्यावरून जाताना आक्काच्या दारात डोकं घालून 'काय शिजलाय गो?' विचारल्याशिवाय पुढे जायचा नाही. ती म्हणायची, 'कुत्र्यांचा हा. तुका होया तर वाढतंय.' आणि तो खरंच हात पुढे करायचा.

तर टोप. सकाळी ती स्वतः मटणवाल्याकडे जायची. वजडी, फुप्फुसं, कोंबडीचा कलेजी-पेटा. कलेजी बेताने, जास्त झाली की कुत्र्याला जुलाब होतात म्हणायची. त्यात लाल भोपळा, थोडे तांदूळ, वरून हळद. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर त्या चुलीच्या आसपासही नाही. अंड्याची टरफलं भाजून त्यांची पूड चिमटीने वरून टाकायची. आणि सगळं निवलं की दोन्ही हात कोपरापर्यंत टोपात घालून चाचपत बसायची, एखादं हाड राहिलं असेल म्हणून. वेणीतला गुंता काढावा तशी.

औषधपाणी तिचं शीपासून सुरू व्हायचं. काडीने उकरून बघायची, आणि मलाही हाक मारायची, मी पोहे खात असले तरी. पोट बिघडलेलं कुत्रं जेवायला आलं नाही की कुणी बिस्कीट घेऊन त्याच्या मागे लागायचं. त्याला ती म्हणायची, 'त्याला उपाशी राहायचंय, राहू दे. तुझ्यासारखा साबुदाण्याची खिचडी खाऊन उपास करत नाही तो.' दुसऱ्या दिवशी पेज आणि दही. खरूज लागली तर कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ आणि करंजाचं तेल. गॅलरीत तेलाच्या डब्यात दूर्वा लावल्या होत्या, कुत्र्यांनी चघळाव्यात म्हणून. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू एकदा बोलल्या, अहो, गणपतीच्या दूर्वा कुत्र्यांना? आक्का म्हणाली, 'दत्ताच्या पायाशी कोण बसलंय ते बघून या, मग बोला.'

हे सगळं ऐकून तुला वाटेल, किती मायाळू बाई. मायाळू होती, पण तिच्या मायेची वाट मारहाणीतून जायची. गोदी नावाची कुत्री होती, पिल्लांनी पोट जमिनीला टेकलेलं. एक सामान पोचवणारा माणूस घाईत आला आणि वाटेत बसली म्हणून त्याने तिला बुटाची लाथ मारली. आक्का टोप ढवळत होती. तिने तोच गरम पळा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, दात हलला, त्याच्या शर्टावर वजडी आणि रक्त. 'मुक्या जनावराक लाथ मारूक आवशीन शिकवल्यान तुका?' असं विचारत तिने त्याची कॉलर धरली. आणि मग त्याच माणसाला पायरीवर बसवून, हनुवटी वर करून, दाढेत लवंग आणि ओठावर हळद दाबली, वर चहा पाजला. तो तक्रार करायला गेला नाही. पुढे पार्सल घेऊन यायचा तेव्हा आधी गोदीला वाट देऊन मग जिना चढायचा. आधी फोडायची, मग बांधायची, ही तिची पद्धत.

तिचा सगळ्यात लाडका हवालदार. खाकी रंगाचा, जाडजूड, चाळीच्या दारात आडवा बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयाने बघायचा, म्हणून हे नाव. एकदा पलीकडच्या गल्लीतल्या कुत्र्यांची टोळी आमच्या अंगणात घुसली. काय ती झुंज. तिघांनी मिळून हवालदारला खाली पाडलं होतं, एकाच्या तोंडात त्याचा कान होता आणि तो कान लांब होत चाललेला मी या डोळ्यांनी पाहिला. पुरुष माणसं गॅलरीत उभी राहून 'हाड् हाड्' करत होती. आक्काने नळाखाली गोणपाट भिजवलं आणि सरळ त्या गोळ्यात शिरली. ओल्या गोणपाटाने असे फटके मारले की कुत्री केकाटत पळाली. हवालदारचा अर्धा कान अंगणात पडला होता. तो तिने उचलून कडुलिंबाच्या मुळाशी पुरला. जखम कडुलिंबाच्या पाण्याने धुऊन, हळद-खोबरेल लावून भरत आणली.

पण मनू, तिचं सगळंच बरोबर असायचं असं समजू नकोस, आणि मुख्य म्हणजे तू तसं काही करायला जाऊ नकोस. पावसात कुत्र्यांना गोचिड्या होतात. तिच्या गावाकडे गुरांना तंबाखूचं पाणी लावत. ती स्वतः मिश्री लावणारी, घरात तंबाखू कायमची. तिने चिंगी नावाच्या लहानशा कुत्रीला ते पाणी अंगभर चोळलं. चिंगीने अंग चाटलं. थोड्याच वेळात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, पाय ताठ, सगळं अंग झटके देतंय. आम्ही दोघी टॅक्सीने परळच्या पुलाकडे गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावलो. तरुण पोरगी, लस टोचायला चाळीत येऊन आक्काकडून परत पाठवली गेलेली, पण हाताची आणि जिभेची तेज. तिने खूप धडपड केली. चिंगी टेबलावरच गेली.

डॉक्टरीणबाई म्हणाली, आक्का, तुमचं जेवण उत्तम, त्यात मी बोट घालणार नाही, पण हे विष होतं. आणि सुया टोचून रक्त नासतं म्हणून तुम्ही कुत्र्यांना पिसाळण्याची लस देऊ देत नाही, तेही चूक आहे. एखादं पिसाळलं तर तुमचा भोपळा कामाला येणार नाही. मला वाटलं, आता हिच्या तोंडावर काय बसतंय. पण आक्काने भिंतीवर स्वतःचंच डोकं आपटलं, दोनदा-तीनदा, मी मध्ये हात घालेपर्यंत. घरी येऊन मिश्रीचा डबा मोरीत उपडा केला. लहानपणापासून लागलेली सवय, त्या दिवशी सुटली. पुढच्या आठवड्यात सगळी कुत्री लसीला नेली. डॉक्टरीणबाईशी तिने करार केला, 'पोट माझं, रक्त तुझं.' म्हणजे खाणं-पिणं आक्काने बघायचं, सुया आणि चिरफाड डॉक्टरने. नुसतं कच्च्या मोठ्या हाडावरून दोघींचं कधी जमलं नाही. आक्का ते चघळायला द्यायची, दात साफ राहतात म्हणून. डॉक्टर म्हणायची, दात तुटतात. पण शिजलेल्या हाडाबद्दल दोघींचं एकमत होतं. शिजलेलं हाड कुत्र्याला द्यायचं नाही, कधीच नाही.

आणि म्हणून गटारी हा तिचा वैऱ्याचा दिवस.

तुमच्या टॉवरमध्ये कळत नसेल, पण आमच्याकडे श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी एकही घर असं नसतं जिथे कोंबडी किंवा मटण शिजत नाही. महिनाभराचं एका दिवसात खाऊन घ्यायचं. आणि माणूस पोटभर जेवला की त्याला दया येते. ताटातली हाडं घेऊन खाली यायचं, 'घे रे राजा, तुझी पण गटारी.' दरवर्षी त्यानंतरच्या आठवड्यात एखादं कुत्रं रक्त ओकायचं. म्हणून त्या दिवशी ती सकाळपासून बादली घेऊन दारोदार फिरायची. 'हाडं ह्यात टाका.' कुणी म्हणालं, अगं कुत्र्याचं काय ते, हाडच खाणार ना, तर ती त्यांच्याच ताटातलं हाड उचलून मोडायची आणि त्याचं टोक त्यांच्या तळहातावर दाबायची, रक्ताचा टिपूस येईपर्यंत. 'हे तुझ्या आतड्यात गेलं तर?'

त्या वर्षी दुपारी अंगणात ताडपत्रीखाली विलास आणि त्याचे दोस्त बसले होते. सकाळपासून पीत होते. विलासला हवालदार फार प्रिय. त्याने लाडाने त्याला मांडीजवळ घेतलं आणि स्वतःच्या पानातली कोंबडीची तंगडी, मांस अर्धं खाऊन, त्याच्या तोंडात दिली. आक्का नळावर बादली धूत होती. मी माझ्या पायरीवर बसले होते, म्हणून मी सगळं पाहिलं, आणि नीट पाहिलेली मी एकटीच.

हवालदारने हाड चावलं, गिळलं आणि ते अडकलं. तो मान लांब करून घशातून विचित्र आवाज काढायला लागला. आक्का बादली टाकून धावली, त्याच्यावर बसली आणि हात त्याच्या घशात घातला, पार मुठीपर्यंत. गुदमरणारं जनावर. त्याने जबडा मिटला. तिच्या मनगटाची कातडी सोलून निघाली, पण तिने हात सोडला नाही, पिळला आणि खेचून बाहेर काढला. हाताबरोबर हाड आलं. ते तिने बाजूला भिरकावलं.

बाकीच्यांनी काय पाहिलं? आक्काचा हात रक्तबंबाळ आणि कुत्र्याचं तोंड लाल. कुणीतरी ओरडलं, पिसाळला. बास.

विलासने ताडपत्रीचा लोखंडी पाइप उपसला. ताडपत्री सगळ्यांच्या डोक्यावर पडली, पानं उधळली. तो रडत होता मनू, 'आक्काला खाल्लं रे' म्हणत रडत होता आणि मारत होता. पहिला पाइप हवालदारच्या पोटात बसला. दुसऱ्याच्या खाली आक्काने आपला हात घातला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. मग ती त्या कुत्र्यावर पालथी पडली. दारू प्यालेल्या माणसांना समजत नाही कोण वर आहे आणि कोण खाली. लाथा तिच्या बरगड्यांत बसत होत्या. तिने एकाच्या पोटरीला असा चावा घेतला की मांसाचा तुकडा लोंबला. तो ओरडला तेव्हा बाकीचे थांबले. मी मध्ये पडले, मलाही एक कोपर बसलं, अजून थंडीत खांदा दुखतो. विलासच्या हातात पाइप होता आणि तो त्याकडे असा बघत होता जणू कुणी तो त्याला आत्ताच आणून दिला.

टॅक्सीत मी म्हटलं, आधी मोठ्या हॉस्पिटलात जाऊ, हात बघ तुझा. तिने ड्रायव्हरला परळचा पूल सांगितला. आम्ही डॉक्टरीणबाईकडे गेलो. हवालदार आक्काच्या मांडीवर, तिचा मोडका हात माझ्या ओढणीने तिच्याच गळ्यात अडकवलेला.

डॉक्टरने पोट उघडलं. खूप वेळाने बाहेर आली. तिचे हातमोजे कोपरापर्यंत लाल होते. म्हणाली, आक्का, पोटात हाडाचा एक तुकडाही नाही, तुम्ही सगळं काढलं होतं. प्लीहा फुटली आहे, माराने. मी वाचवू शकले नाही. मग ती चिडून बोलायला लागली, की हा गुन्हा आहे, कुत्र्याला मारणं आणि तुमचा हात मोडणं दोन्ही, आत्ता पोलिसांत जायचं, मी स्वतः येते, मी लिहून देते.

आक्का हवालदारच्या उरलेल्या अर्ध्या कानावरून बोट फिरवत होती. ती म्हणाली, 'हाडाने गेला.'

'आक्का, हे खरं नाही.'

'पोट माझं, रक्त तुझं, असं ठरलंय ना आपलं? मग पोटात काय होतं ते मी सांगणार. कुणी विचारलं तर हाडाने गेला.'

ती डॉक्टर पोरगी हातमोजे न काढताच खुर्चीवर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास आला. आंघोळ केलेला, कपाळाला गंध, डोळे सुजलेले. आक्का पलंगावर, रात्री हॉस्पिटलात घातलेलं प्लास्टर मांडीवर घेऊन बसली होती, मी तिला चहा पाजत होते. तो दारातच उभा राहिला. 'आक्का, पाइप त्याच्या पोटात बसला. माझ्या हाताला कळलं.'

ती उठली आणि डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत दिली. 'हाडान गेलो तो. मी सांगतंय ना.'

'मी मारलं त्याला.'

पुन्हा थोबाडीत. त्याच गालावर. डावा हात असूनही आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. तो पुन्हा तेच म्हणाला, तिने पुन्हा मारलं. केस पांढरे झालेला माणूस मान खाली घालून मार खात होता, आणि ती मारताना दर वेळी प्लास्टरच्या कळेने दात आवळत होती. मी थांबवायला उठले तर तिने मला नजरेने बसवलं. शेवटी त्याचा ओठ फुटला आणि तो हुंदका देऊन म्हणाला, 'हाडाने गेला.'

'मगे?' ती म्हणाली. 'बस थंय. भोपळो चीर. उरलेली उपाशी हत.'

तो बसला आणि विळीवर भोपळा चिरायला लागला.

चाळीत मग हेच पसरलं, हवालदार शिजल्या हाडाने गेला. पुढच्या गटारीला अंगणात हाडाचा एक तुकडा दिसला नाही. बादली घेऊन प्रत्येक मजल्यावर विलास फिरला. दारूला त्याने त्या दिवसापासून हात लावलेला नाही. आक्काने त्याला त्यातून सोडवलं की त्यातच बांधून ठेवलं, हे मला आजही कळत नाही. पोराला पोलिसांपासून वाचवायचं होतं, आणि चाळीला हाडाची दहशत बसवायची होती, दोन्ही तिने एकाच खोट्यात उरकलं. पण खरं ओझं उतरवायला आलेल्या माणसाला तिने ते उतरवू दिलं नाही, हेही मी पाहिलंय. हे लिहू का म्हणून मागच्या आठवड्यात विलासला विचारलं. तो म्हणाला, लिही काकी, पण आक्का काय म्हणत होती ते पण लिही. म्हणून दोन्ही लिहिलं.

प्लास्टर तिने मुदतीआधीच स्वतः फोडलं आणि तिळाचं तेल चोळत बसली. त्यामुळे हात वाकडाच जुळला.

मग चाळ पाडायची ठरली. सगळ्यांनी भाड्याच्या खोल्या शोधल्या. आक्का म्हणाली, माझ्या कुत्र्यांना कोण ठेवणार, मी गावाला बहिणीकडे जाते. कुडाळच्या पुढे कुठेतरी. टेम्पो आला तेव्हा सगळी चाळ खाली उतरली होती. ती ड्रायव्हरच्या शेजारी बसायला तयार नव्हती. मागे सामानात, गोदी आणि तिच्या दोन मुलींमध्ये बसली. विलासने सामान चढवलं, दोऱ्या आवळल्या, आणि दोर नीट बांधला नाही म्हणून तिच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी तो फळीवर वाकून तिच्या पाया पडला. तिने वाकडा हात उचलला. त्याने सवयीने मान चुकवली. तिने नुसता त्याच्या कॉलरवर चिकटलेला कुत्र्याचा एक केस चिमटीत धरून काढला, उजेडात धरून बघितला, आणि ड्रायव्हरला म्हणाली, चल.

ती गावीच वारली, दीड-दोन वर्षांनी. मी तिला पाहिलं ते एवढंच शेवटचं.

तर मनू, तुझ्या कोकोला आधी डॉक्टरला दाखव, रक्त त्यांचं. मग त्याला घेऊन इकडे ये. आता मी लालबागला भाड्याच्या खोलीत आहे, जिना सरळ आहे, त्याला चढता येईल. त्याला काय घालायचं ते टोपासमोर उभी राहून शिक, फोनवर नको. विलासलाही बोलावते, भोपळा तो छान चिरतो. या रविवारी ये. उगाच पुढचा रविवार म्हणू नकोस, या रविवारी ये.